दोन बास आणि चाल गायला कुणीच नाही

प्रश्न: आमच्या भागातल्या चौदा-पंधरा ख्रिस्ती मंडळ्यांनी मिळून मे महिन्यात तीन दिवसांची संगीत कार्यशाळा घ्यायचं ठरवलंय. पेटीवाले, ढोलकीवाले, की-बोर्ड वाजवणारी पोरं, संडे स्कूलच्या शिक्षिका असे चाळीसेक जण येतील. शिकवायला संभाजीनगर, जालना आणि नगरहून जाणकार मंडळी येणार आहेत. मागच्या वेळी पाहुणे छान गायले, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि घरी आल्यावर रविवार होता तसाच. या वेळी शिकवणाऱ्यांना काय सांगू? (बीड जिल्ह्यातल्या एका मंडळीच्या गायनाची जबाबदारी असलेल्या ताई)

उत्तर:

ताई, सलाम. तुमचं ते ‘रविवार होता तसाच’ वाचून मला माझीच एक कार्यशाळा आठवली, आणि तिथं पाहुणा मीच होतो.

वीस-बावीस वर्षं झाली असतील. मी नुकताच चार आवाजांचं गायन शिकून आलो होतो. सोप्रानो, आल्टो, टेनर, बास, असे वरून खाली; चाल सोप्रानोकडं, बास सगळ्यात खालचा. तीन दिवस चाळीस माणसांना घासून घासून एक गायन बसवलं. शेवटच्या संध्याकाळी सगळे मिळून गायले तेव्हा पाळकसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. पंधरा दिवसांनी त्यातल्याच एका गावी उपासनेला गेलो. त्या गावचे दोन तरुण आले होते, आणि दोघांनाही मी बासमध्ये बसवलं होतं. पोरं गुणी. त्यांनी मंडळीसमोर तेच गायन उभं केलं, अगदी बिनचूक, खालच्या सुरात. चाल गायला कुणीच नाही. मंडळी एकमेकांकडं बघतेय आणि हे दोघे तळघरात गातायत. शिकवलं ते मीच होतं आणि ते बरोबरही होतं, पण त्या गावाच्या काडीच्या उपयोगाचं नव्हतं.

म्हणून शिकवणाऱ्यांना आत्ताच एक गोष्ट कळवा: ‘तुम्हाला काय येतं ते आम्हाला माहीत आहे, म्हणूनच बोलावलंय. पण आमच्याकडं रविवारी काय लागतं ते आधी वाचा.’ आणि सोबत प्रत्येक मंडळीची माहिती पाठवा. वाद्यं कोणती, चालू किती, बंद किती. गायन उचलतं कोण. सगळ्यात जास्त गायली जाणारी दहा गायनं कोणती, आणि कोणत्या चालीत. हे शेवटचं विसरू नका. आपल्याकडं जालन्याच्या बाजूला स्कॉटिश मिशनचं काम, औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटीचं, पलीकडं नगरला अमेरिकन मिशनचं. १९७० साली नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं आणि बऱ्याच मंडळ्या एका छताखाली आल्या, पण चाली काही एक झाल्या नाहीत. एकाच शब्दांच्या दोन-दोन, तीन-तीन चाली चालू आहेत. हे आधी कळलं नाही तर पहिला अख्खा दिवस ‘आमच्याकडं असं म्हणत नाहीत’ यातच जातो.

आता काय शिकवावं ते. माझ्या मते पहिला सबंध सकाळचा वर्ग पट्टीवर, म्हणजे ‘सा’ कोणत्या सुरावर धरायचा यावर, खर्च करा. आपल्या मंडळ्यांत लोक गात नाहीत याचं निम्मं कारण पट्टी आहे. श्रद्धा कमी झाली, तरुण बिघडले वगैरे नंतर बघू.

होतं असं की पेटीवाल्याचा हात एका पट्टीवर बसलेला असतो. कुणाचा काळी एक, कुणाचा काळी दोन. (पेटीच्या एका सप्तकात पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, त्यांचे हे नंबर.) तो सगळी गायनं तिथूनच वाजवतो. आता एखाद्या चालीचा अंतरा तार सप्तकातल्या, म्हणजे वरच्या, गंधारापर्यंत (‘ग’) जात असेल आणि पेटी काळी दोनवर असेल, तर तो गंधार वरच्या पांढरी पाचवर येतो. सराव असलेला गायक तिथं पोचेल. शेतातून, बाजारातून येऊन बाकावर बसलेला माणूस नाही पोचणार. मग पुरुष मधूनच खालच्या सप्तकात उडी मारतात, बाया तोंड हलवतात पण आवाज काढत नाहीत, आणि पेटीवाला आणखी जोरात भाता मारतो.

पेटीवाल्यांना एवढंच शिकवा: ‘सा’ कुठं धरायचा ते आधी ठरवू नका, चालीतला सगळ्यात वरचा सूर आधी शोधा. मंडळीसाठी तो सूर वरच्या पांढरी दोनच्या पुढं जाऊ द्यायचा नाही. पुरुष आणि बाया एकाच पट्टीत, एका सप्तकाच्या अंतरानं गातात, तेव्हा दोघांनाही ही हद्द साधारण झेपते. मग हिशेब सोपा. चाल मध्य षड्जापासून तार षड्जापर्यंत (मधल्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत) असेल तर पांढरी एक किंवा पांढरी दोन घ्या. चाल मंद्र पंचमातून निघून मध्य पंचमापर्यंतच (खालच्या ‘प’पासून मधल्या ‘प’पर्यंत) फिरत असेल तर पांढरी चार, नाहीतर पांढरी पाच. आणि ती तार गंधारापर्यंत जाणारी असेल तर चक्क खाली काळी पाचला या. तिथून शुद्ध गंधार बरोबर पांढरी दोनवर पडतो. प्रत्येकाला आपापली दहा गायनं घेऊन बसवा, वरचा सूर शोधायला लावा आणि पुस्तकात गायनाच्या नंबराशेजारी पेन्सिलीनं पट्टी लिहायला लावा. त्यांचं पुस्तक, त्यांची पेन्सिल. झेरॉक्स वाटू नका, त्या कार्यशाळेच्या पिशवीतच राहतात.

पेटीवाले कुरकुर करतील. ‘पांढरी पाचमध्ये आमचा हात चालत नाही.’ खरंय, बोटांची सवय बदलावी लागते. पण दोन दिवस त्यासाठीच तर आहेत. स्केल चेंजर पेटी, म्हणजे बोटं तीच ठेवून पट्टी बदलता येणारी, असेल तर प्रश्नच मिटला, मात्र खेड्यातल्या मंडळीकडं ती असेल असं धरून चालू नका.

दुसरा दिवस ढोलकी-तबल्याला. इथं एक जुनं दुखणं आहे आणि ते मी प्रत्येक तालुक्यात बघितलंय. आपल्या पुस्तकातली बरीच गायनं विलायती चालींवर आहेत, आणि त्यातल्या कितीतरी चाली समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, सुरू होत नाहीत. पहिलं अक्षर समेच्या आधी पडतं. आपला ढोलकीवाला भजनात वाढलेला, त्याला वाटतं गायन सुरू झालं म्हणजे ‘धा’ पडला पाहिजे. तो पहिल्याच अक्षरावर धा मारतो आणि तिथून पूर्ण गायनभर एक मात्रा सरकलेली राहते. ऐकणाऱ्याला नक्की काय चुकतंय ते सांगता येत नाही, पण गाडीचं एक चाक खड्ड्यातून चालल्यासारखं वाटत राहतं.

उपाय बोलून होत नाही, करून घ्यावा लागतो. ढोलकी बाजूला ठेवायला सांगा. चाल नको, नुसते शब्द म्हणा आणि जिथं जोर येतो तिथं मांडीवर थाप. समजा, तीन-तीनच्या लयीतली चाल आहे आणि ओळ ‘कृपा’ या शब्दानं सुरू होते. यात ‘कृ’ ऱ्हस्व, ‘पा’ दीर्घ. जोर ‘पा’वर. म्हणजे दादऱ्याच्या (सहा मात्रांचा ताल) सहाव्या मात्रेवर ‘कृ’ म्हणून सोडून द्यायचा आणि ‘पा’वर धा घ्यायचा. एकदा मांडीवर जमलं की मग ढोलकीवर. माझ्या अनुभवात ही गोष्ट हातात यायला तासभर लागतो, पण आली की माणूस लहान लेकरागत हसतो, कारण इतकी वर्षं काय खुपत होतं ते त्याला कळतं.

याच उदाहरणात आणखी एक धडा आहे, तो गायन लिहिणाऱ्यांसाठी. तुमच्याकडं दोन-तीन जण नवी गायनं करत असतीलच. तीच ‘कृपा’ जर थेट समेवर सुरू होणाऱ्या, पहिला सूर लांबवणाऱ्या चालीत घातली तर ‘कृऽऽऽप’ असं काहीतरी निघतं. जुन्या भाषांतरित गायनांत असे पाय मुरगळलेले शब्द पुष्कळ आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, ओवीचा रस्ता धरला त्याचं मोल मला अशा ठिकाणी कळतं. ते १९१९ साली गेले, पण त्यांच्या ओळी आजही न अडखळता म्हणता येतात, कारण मराठी शब्द जसा तोंडातून येतो तसाच चालीत बसतो.

आणि अभंगाचा विषय निघालाच आहे तर शिकवणाऱ्यांपैकी कुणाला तरी हे एक तास भरून दाखवायला सांगा. मोठ्या अभंगाचे चार चरण, पहिले तीन सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याचं यमक. शब्द या मापात असले की मोठ्या अभंगाची कोणतीही चाल त्यांना चालते. तुमच्या गावातल्या भजनी मंडळाची चाल असली तरी चालते. विलायती गायनांचंही हेच तत्त्व आहे. तिकडं पुस्तकाच्या मागं ८.६.८.६ किंवा ८.८.८.८ असे आकडे छापलेले असतात, ती ओळीतल्या अक्षरांची मापं. माप जुळलं की चाल बदलता येते, फक्त जोर कुठं पडतो ते तपासायचं. बोटावर अक्षरं मोजायची आणि चाल बदलून बघायची, याचा खेळ लावा. पाच गट करा, एकच अभंग द्या, प्रत्येक गटानं वेगळी चाल आणायची. पुस्तकात आहे पण चाल कुणाला येत नाही म्हणून वर्षानुवर्षं न उघडलेली पानं अशीच उघडतात.

नोटेशनचं काय, हा प्रश्न येणारच. नगरहून किंवा मुंबईहून आलेले एखादे सर पाच रेघांवरचं स्वरलेखन शिकवायचा आग्रह धरतील. त्यांना आदरानं चहा द्या आणि नाही म्हणा. तीन दिवसांत ते अर्धवटच होतं आणि अर्धवट शिकलेलं माणूस घरी जाऊन उघडत नाही. सरगम पुरेशी आहे. गंमत अशी की इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन यांनी चर्चमधल्या साध्या माणसांना गाता यावं म्हणून जी डो-रे-मी पद्धत रुजवली, तिच्यात ‘डो’ आपल्या ‘सा’सारखाच हलता आहे, कोणत्याही पट्टीत धरता येतो. मिझोराम-नागालँडची मंडळी त्याच पद्धतीच्या बळावर चार आवाजांत गातात. आपल्याकडं ‘सा’ घरातच आहे, तो का सोडायचा? ज्यांना पुढं शिकायचंय त्यांना गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांची वाट दाखवा. प्रारंभिक, प्रवेशिका असं करत जातील.

चार आवाजांचं गायनही, वर सांगितलेल्या कारणानं, एकाच मंडळीतून आठ-दहा जण आले असतील तरच. एरवी एक गट चाल गातो आणि दुसरा खाली नुसता ‘सा’ किंवा ‘पा’ धरून ठेवतो, एवढं पुरे. ऐकायला भरलेलं वाटतं आणि फसत नाही.

की-बोर्डची पोरं. ही जमात हुशार असते आणि ऐकत नाही. त्यांना आधी त्यातली तयार लय बंद करायला सांगा. यंत्र थांबत नाही, मंडळी थांबते; म्हाताऱ्या माणसानं ओळीच्या शेवटी श्वास घेतला की यंत्र पुढं निघून गेलेलं असतं. मग दुसरी गोष्ट. सगळीकडं कॉर्ड (तीन-चार सूर एकदम दाबणं) घालायची नाही. भैरवीतल्या चालीखाली डाव्या हातानं मेजर कॉर्ड धरली की वरचा कोमल गंधार आणि खालचा शुद्ध गंधार एकमेकांवर आपटतात. रागातली चाल असेल तर डावा हात फक्त सा-पा. विलायती चाल असेल तर पहिली, चौथी, पाचवी कॉर्ड, खुशाल. एवढा एक नियम ऐकला तरी माझे उपकार माना.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या तासाकडं येतो. बाहेरून एकच माणूस बोलवायला पैसे असतील तर गायक बोलवू नका, पेट्या दुरुस्त करणारा कारागीर बोलवा. चौदा मंडळ्यांना सांगा, आपापली पेटी घेऊन या, बंद असली तर आधी आणा. दुपारी बारा ते चार आपल्याकडं मे महिन्यात गळा चालत नाही, पारा चाळिशीच्या वर आणि पत्र्याचं छप्पर. तो वेळ कारागिराला द्या. सगळ्यांनी भोवती बसायचं आणि पेटी उघडलेली बघायची. आयुष्यभर वाजवलेल्या वस्तूच्या आत काय आहे ते कित्येकांनी पाहिलेलंच नसतं.

एखादा सूर वाजतच नाही, तर बहुतेक वेळा पितळी पट्टीच्या जिभेत कचऱ्याचा कण अडकलेला असतो. कारागीर पातळ कागदाची पट्टी खालून सरकवतो, जीभ हलकेच उचलतो, सोडतो, आणि सूर बोलायला लागतो. हात न लावता सूर चालूच राहतो, तर बोटानं दाबायच्या त्या पट्टीखालचं झाकण नीट बसत नाही. धूळ तरी असते नाहीतर स्प्रिंग सैल. एवढं घरी करता येतं. पण सूर बेसूर झाला म्हणून जीभ खरवडायला जाऊ नका. टोकाकडं घासलं की सूर चढतो, बुडाकडं घासलं की उतरतो, हे ऐकायला सोपं आहे, पण एकदा गेलेलं पितळ परत येत नाही. माझ्या एका उत्साही विद्यार्थ्यानं ब्लेड घेऊन आख्खं सप्तक बिघडवलं होतं. तेल तर अजिबात नको. आणि भात्याचं चामडं उंदीर खातात, तेव्हा पेटी वेदीमागच्या खोलीत जमिनीवर ठेवायची नाही.

ढोलकी-तबल्यालाही उन्हाचा त्रास असतो. कोरड्या उन्हात कातडं ताणतं, सूर चढतो, पुडी फाटायची भीती. पावसाळ्यात तेच कातडं ओढ सोडतं. वाजवून झालं की कड्या सैल करा, आणि ढिली पुडी तापवायला तबला उन्हात ठेवू नका, शाई तडकते.

एक विषयांतर. ही पेटी युरोपातून मिशनऱ्यांबरोबर आली, कलकत्त्यात तिला हातानं मारायचा भाता बसला आणि ती कीर्तनापासून तमाशापर्यंत सगळीकडं गेली. परकी म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत तिला बंदी घातली होती. आणि आज आमच्यातलेच काही म्हणतात, पेटी जुनी झाली, गिटार आणा. आणा की. पण पेटी मोडीत काढू नका.

संडे स्कूलच्या शिक्षिकांबद्दल थोडक्यात. बाई स्वतःला सोपं पडावं म्हणून खालच्या पट्टीत सुरू करतात आणि लेकरं बोलल्यासारखी गुरगुरतात. लेकरांचा ‘सा’ पांढरी दोनपासून पांढरी चारपर्यंत धरा. आवाज फुटत असलेल्या मुलाला गप्प बसवू नका, त्याला खालचा ‘सा’ धरायला द्या नाहीतर टाळ द्या.

आणखी एक गोष्ट आहे, ती मात्र शिकवणाऱ्यांना आणि तुमच्या समितीलाही टोचेल. जाणकार म्हणजे फक्त शहरातून येणारे असं धरू नका. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवली, तेव्हापासून जी कुटुंबं मंडळीत आली त्यांतल्या अनेकांच्या हातात पिढीजात हलगी होती, सनई होती, संबळ होता. मंडळीत आल्यावर ती वाद्यं खुंटीला लागली, कारण ती जुन्या जगाची वाटली. मला त्यामागची जखम कळते. हलगी वाजवायची म्हणजे कुणाच्या दारात, कुणाच्या सांगण्यावरून, हे आमच्या आज्यांनी पाहिलेलं आहे. म्हणून कुणावर जबरदस्ती नको. पण एखादे बाबा स्वतःहून तयार असतील तर त्यांना एक तास द्या आणि शिक्षकाच्या खुर्चीवर बसवून द्या. एका कार्यशाळेत सत्तरी पार केलेल्या अशाच एका बाबांनी हलगीवर नुसत्या काडीनं इतका बारीक बोल काढला की आमचे तबल्याचे सर चप्पल काढून पुढं येऊन बसले. बायांचंही तेच. जात्यावरच्या ओव्यांच्या चाली ज्यांच्या ओठांवर आहेत अशा म्हाताऱ्या तुमच्याकडं असतील. पैठण तर आपल्या उंबऱ्यावर, नाथांची भारुडं ऐकत त्या वाढल्या. त्यांना गायला लावा, आणि पोरांना मोबाइलवर रेकॉर्ड करू द्या.

रेकॉर्डिंगवरून आठवलं. प्रत्येक गायनाची पट्टी, ताल आणि चाल एकदा साध्या आवाजात, वाद्याशिवाय, मोबाइलवर भरून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाका. सजावट नको, ताना नकोत. महिन्याभरानं चाल विसरली की माणूस तेच ऐकतो.

शिकवणाऱ्यांचं मानधन आणि एसटीचं भाडं आधीच ठरवा, ‘प्रभूची सेवा’ म्हणून लाजवू नका. वर्ग सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी पाच ते आठ. एका पेटीवर दोघांपेक्षा जास्त माणसं बसवायची नाहीत.

समारोपाचा कार्यक्रम ठेवू नका. तिसरा दिवस रविवार येईल असं बघा आणि आलेल्यांना चार-पाच जणांच्या टोळ्या करून आसपासच्या मंडळ्यांत उपासनेला पाठवा. गायन त्यांनी उचलायचं, पेटी-ढोलकी त्यांचीच. शिकवणाऱ्यानं शेवटच्या बाकावर बसायचं आणि कितीही खाज सुटली तरी उठायचं नाही. दुपारी परत येऊन जेवताना कुठं फसलं ते बोलायचं. मी असा बसलो होतो तेव्हा पोरानं तिसऱ्या कडव्याला पट्टी चुकवली, थांबला, मंडळीला ‘माफ करा’ म्हणाला आणि दोन सूर खालून पुन्हा सुरू केलं. मंडळी गायली.

तारीख पक्की झाली की कळवा. माझी पेटी मी घेऊन येतो. तिचा पांढरी चारचा सूर दिवाळीपासून खरखरतोय, तेव्हा कारागिराकडं पहिला नंबर माझा लावा.